आलिंग सिद्रा आणि जेवायला बसलेला शिपाई

फादर डेक्लन आणि आलिंग सिद्रा यांचं ते भांडण झालं तेव्हा मी फादरांच्या घरामागे वेदीची वस्त्रं वाळत घालत होते. मुद्दाम कान लावून ऐकलं नाही. पण स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आणि आलिंग सिद्राचा आवाज असा होता की खिडकी बंद असती तरी काही फरक पडला नसता.

"मी स्वतः जाणार," फादर म्हणाले.

"जा की. जाताना पेटीचं माप तेवढं सांगून जा. तुमच्या उंचीची शवपेटी आपल्या सुताराकडे तयार नसते."

"माझ्या दंडावर पट्टी आहे. मी आयरिश आहे. आमचा देश या लढाईत नाही, हे त्यांना ठाऊक आहे."

"कुणाला ठाऊक आहे? छावणीच्या फाटकावरच्या त्या पोराला? त्याला दिसतं लाल तोंड. लाल तोंड म्हणजे अमेरिकन. मागच्या खेपेला केळ्यांचा घड घेऊन गेलात, तेव्हा काय झालं? केळी त्यांनी खाल्ली आणि थपडा तुम्ही खाल्ल्या."

"आलिंग सिद्रा, ती माणसं तापाने मरताहेत."

"म्हणूनच सांगते. तुम्ही रस्त्यावर उभे राहिलात की नारळाच्या झाडाला जोडे घातल्यासारखे दिसता. कोसभरावरून कळतं. मी टोपली घेऊन बसले तर कोण बघणार आहे? म्हातारी बाई आणि तिची टोपली. रस्त्यावर असतेच ती."

"तुम्हाला काही झालं तर देवाला मी काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखवा. लालच आहे ते. आणि आता सरका बाजूला, माझा भात लागतोय."

भांडण तिथे संपलं. तापाच्या गोळ्या छावणीत कोण नेणार हे ठरलं, आणि फादरांनी ठरवलेलं नव्हतं एवढं मला खिडकीबाहेरूनही कळलं.

तेव्हा आमच्या गावावर जपान्यांचा अंमल होता. गावाबाहेर, गिरणीच्या पलीकडच्या माळावर त्यांनी अमेरिकन कैद्यांची छावणी केली होती. तिथे हिवतापाने रोज कुणी ना कुणी जात होतं. औषध म्हणजे कोयनेल, आणि कोयनेल मनिलातसुद्धा मिळत नव्हतं. पण तिथल्या मठातल्या सिस्टर कुठून तरी मिळवायच्या, मेणबत्त्यांच्या पेटीत तळाशी घालायच्या आणि पेटी आमच्या फादरांकडे यायची. चर्चला मेणबत्त्या लागतात, त्यात कुणाला काय वावगं वाटणार? गोळ्या गावात यायच्या त्या अशा. गावातून छावणीत त्या न्यायच्या कशा, हा घोर होता. फादर डेक्लन एकदा थपडा खाऊन आले होते. दुसऱ्यांदा थपडांवर भागलं नसतं.

आलिंग सिद्रा फादरांची स्वयंपाकीण. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला मानाने आलिंग म्हणतात. फादर आमच्याकडे आले त्याच्याही आधीपासून ती त्या चुलीपाशी होती. आधीच्या फादरांना तिने पोचवलं होतं, त्यांच्या आधीच्यांनाही, आणि डेक्लन फादर आले तेव्हा त्यांच्याकडे वर बघत ती म्हणाली होती म्हणे, "याला पुरं पडेल एवढा भात कुणी लावायचा?" ठेंगणी, रुंद, पाय जरा बाहेर टाकत चालणारी. नवरा लवकर गेला. मुलगा एकच, तासियो. तो आपल्या सैन्यात भरती झाला, लढाई हरल्यावर पकडला गेला, आणि आमच्या पोरांना जपान्यांनी सोडलं तेव्हा घरी आला तो हिवताप घेऊनच. अंगावर चार गोधड्या घालूनही त्याचे दात वाजत. फादर तेव्हा कोयनेलसाठी मनिलापर्यंत पायी गेले. घेऊन परत आले तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. ती कुणासाठी वाजतेय हे त्यांना वेशीवरच कळलं.

आलिंग सिद्रा त्याबद्दल कधी बोलली नाही. फादरांनी आणलेल्या त्या गोळ्या तिने खळीच्या डब्यात ठेवल्या आणि डबा मला दिला. मी चर्चचे कपडे धुवायची, खळ घालायची. कपड्यांच्या खळीत कोण हात घालतं? पुढे मनिलाहून आलेली प्रत्येक गोळी त्याच डब्यात राहिली.

आता रस्त्याचं सांगते. छावणीतले कैदी रेड्यांच्या गाड्या घेऊन गिरणीवर तांदूळ आणायला येत. बरोबर शिपाई. वाटेत चिंचेखाली चिखलाचं मोठं डबकं होतं, थोडं पुढे पाण्याचा हौद. आमच्याकडच्या रेड्याला उन्हात फार चालवलं आणि चिखलात लोळू दिलं नाही, तर तो रस्त्यातच बसतो. मग बंदूक दाखवा नाहीतर सेनापतीला बोलवा, तो हलत नाही. हे जपान्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं होतं. त्यामुळे डबक्यापाशी गाड्या थांबायच्याच. रेडे चिखलात, कैदी सावलीत, शिपाई विड्या ओढत. कैद्यांना रस्त्यावरून खायला काही घेता येत असे, शिपायांचा मूड बरा असला तर.

त्या चिंचेखाली आलिंग सिद्रा बसायची सुमान घेऊन. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवायचा, केळीच्या पानात लांबट गुंडाळायचा, पानाच्याच सालीने बांधायचा आणि उकडायचा. एका गाठीचे सुमान साधे. ज्यांना दोन गाठी, त्यांच्या पोटात कोयनेल. ते टोपलीच्या तळाशी. त्यांच्यावर तिच्या स्वतःच्या जेवणाचं गाठोडं. वर साधे सुमान. बांधायला मी तिला मदत करायची आणि पहिल्या दिवशी सोबतीला गेले तेही मीच. माझं नवीन लग्न झालेलं होतं. नवऱ्याला सांगितलं, कपडे धुवायला जाते. खोटंही नव्हतं, बुट्टीत कपडे होतेच.

कैद्यांतला एक जण पहिली गाडी हाकायचा. खूप उंच, मान पुढे काढून चालणारा, पायांच्या नुसत्या काड्या. त्याचं नाव वेंडेल होतं हे पुढे कळलं. आलिंग सिद्रा त्याला बगळा म्हणायची. बगळ्याला फादरांनी आधीच कुणाकरवी सांगून ठेवलं होतं की दोन गाठींचे सुमान तुझे.

आता झालं काय, की पहिल्या दिवशी गाड्यांना यायला उशीर झाला. आलिंग सिद्राला भूक लागली. तिने गाठोडं सोडलं. भात, सुकी मासळी, टोमॅटो. तिने पहिला घास घेतला आणि धूळ दिसली. गाड्या आल्या. रेडे चिखलात उतरले. बगळा सावलीला आला. आणि एक शिपाई, वयाने बऱ्यापैकी थोराड, सरळ आमच्याकडे चालत आला.

तो अगदी समोर आल्यावर आलिंग सिद्राने वर बघितलं आणि म्हणाली, "या, जेवायला या."

तुम्ही म्हणाल, वेडी का काय! पण आमच्या गावात जेवताना समोर कुणीही आलं, ओळखीचं असो नसो, तर तोंडातून हेच निघतं. लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण. आणि समोरच्यानेही म्हणायचं असतं, "होऊ द्या, आत्ताच जेवलो." उपाशी असला तरी तेच म्हणायचं. मग तो आपल्या वाटेने जातो आणि आपण आपलं जेवतो. असं आयुष्यभर चाललेलं. कुणी खरंच बसत नाही.

शिपायाला हे कोण सांगणार? तिने हाताने ताटाकडे दाखवलं होतं तेवढं त्याला कळलं. तो क्षणभर थांबला. मग त्याने बंदूक चिंचेला टेकवली, टोपी काढली आणि आमच्यासमोर मांडी घालून बसला.

 आलिंग सिद्राचा घास तोंडातच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं, आणि त्यातलं बरंचसं स्वतःच्या जिभेला शिव्या घालणारं होतं.

पण बोलावलेल्याला उठवायचं कसं? तिने भात पुढे सरकवला. तो जेवू लागला. मासळीचं डोकं त्याने असं साफ केलं की मांजरीला लाज वाटावी. जेवता जेवता काहीतरी बोलत होता, मान हलवत होता. भात संपला. मग त्याने बोटं चाटली आणि हात घातला टोपलीत. अगदी तळाशी.

फाट्! आलिंग सिद्राने त्याच्या हातावर चापट मारली.

मी डोळेच मिटले.

"हात धुतलेस का?" ती ओरडली. "बरबटलेले हात घालतोय टोपलीत! लोकांनी खायचं नाही का पुढे? जा, त्या हौदावर जा आधी!"

मी डोळे उघडले तेव्हा तो शिपाई आपल्या हाताकडे बघत होता. मग हौदाकडे. मग पुन्हा तिच्याकडे. तिचं बोट हौदाकडेच होतं. आणि तो उठला आणि गेला. खरंच गेला हात धुवायला.

"बगळ्या," आलिंग सिद्रा ओठ न हलवता म्हणाली, "झोपलास का?"

बगळ्याला आमची बोली येत नव्हती, पण एवढं कळायला बोली लागत नाही. तो वाकला, दोन गाठींचे सगळे सुमान त्याच्या फाटक्या सदऱ्यात गेले. शिपाई हात झटकत परत आला तेव्हा टोपलीत फक्त एका गाठीचे उरले होते. त्यातला एक आलिंग सिद्राने स्वतः सोलून त्याच्या हातात दिला.

"खा. आणि पान रस्त्यात टाकू नकोस."

घरी येऊन हे फादरांना सांगितलं तर ते आधी पांढरे पडले. त्यांचं तोंड पांढरं झालेलं मी तेवढंच पाहिलं.

"तुम्ही त्याला जेवायला बोलावलंत?"

"मी नाही बोलावलं. तोंडातून गेलं."

"आणि तो बसला?"

"बसला. पोटभर जेवला. आई-बापाने काही शिकवलेलं नाही."

"आणि तुम्ही त्याला मारलंत?"

"हात घाण होते."

यावर फादर खुर्चीत बसले आणि हसू लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, मग खोकला आला. आलिंग सिद्राने पाठीत गुद्दे घातले तेव्हा थांबले.

पण खरी पंचाईत पुढे होती. पुढच्या खेपेला गाड्या आल्या तेव्हा तो शिपाई दुरूनच हसत आला, बंदूक चिंचेला टेकवली, मांडी घातली आणि बसला. हात आधीच धुतलेले, ते दोन्ही बाजूंनी दाखवले. त्याला वाटलं, बाईने आपल्याला कायमचं जेवण लावून दिलंय. आता काय करायचं? त्याच्यासाठी वेगळा डबा न्यायला लागला. तेव्हापासून आम्ही त्याला 'पाहुणा' म्हणू लागलो. खरं नाव त्याने सांगितलं होतं, आमच्या तोंडी बसलं नाही.

आणि गंमत अशी, की तो जेवायला बसला की दुसरा शिपाई टोपलीजवळ फिरकत नसे. कुणी आलाच तर पाहुणा भरल्या तोंडाने त्याच्यावर खेकसायचा. त्याची पाठ रस्त्याकडे, तोंड ताटाकडे. बगळ्याचं काम त्याच्या पाठीमागे निवांत व्हायचं. जिभेने केलेली चूक अशी कामाला आली, आणि आलिंग सिद्राने तिचं श्रेय लगेच स्वतःकडे घेतलं. "मी काय उगीच बोलावलं का?" असं ती फादरांना दर आठवड्याला ऐकवायची.

पाहुण्याने एकदा मातीत काडीने शेत काढून दाखवलं, त्यात वाफे, बांध, पाण्याची वाट. एका कोपऱ्यात लहान लहान तीन रेघा काढल्या, पोरं असावीत. आलिंग सिद्राने बघितलं. मग म्हणाली, "बांध वाकडा घातलायस," आणि त्याला आणखी भात वाढला.

ते जेवण कुठून येत होतं हे मात्र सांगायला हवं. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. नंतर तांदूळ सगळा जपानी उचलू लागले. गावात लोक रताळी, पाला, कच्ची केळी खाऊ लागले. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला माणसांनी गुडघे टेकले की उठताना ती एकमेकांना धरायची. फादरांच्या घरी मुठीने भात शिजायचा. त्यात पाहुण्याचा वाटा, सुमानचा वाटा, फादरांचा वाटा. फादर विचारायचे, "आलिंग सिद्रा, तुमचं ताट?"

"मी आत्ताच जेवले," ती म्हणायची.

फादर बिचारे परमुलखातले. इतकी वर्षं राहून आमच्या सगळ्या रीती शिकले होते, पण ते वाक्य त्यांना खरंच वाटायचं. मला नाही वाटायचं. मी एकदा बोलले, तर मला म्हणाली, "लुमिंगबाई, तू खळीत लक्ष घाल."

मग तो आठवडा आला. गावातल्या कुणीतरी चुगली केली. कुणी, ते पुढे सगळ्या गावाला कळलं, पण तो माणूस आता मातीत आहे आणि त्याची नातवंडं माझ्या नातवंडांबरोबर खेळतात, म्हणून राहू दे. भर सकाळी, मिस्सा संपता संपता, शिपाई आले आणि फादर डेक्लनना वेदीपासून घेऊन गेले. शाळेच्या इमारतीत त्यांचं ठाणं होतं, तिथे कोंडलं. घराची झडती झाली. जमिनीच्या फळ्या उचकटल्या, मेणबत्त्या मोडून बघितल्या. खळीचा डबा माझ्या घरी होता.

त्याच्या आधीच्या खेपेला बगळा काय सांगून गेला होता ते मला आठवत होतं. त्याने आमच्या बोलीतले जेमतेम शब्द गोळा केले होते. "खूप आजारी," म्हणाला होता. "माझा मित्रही. लवकर." आणि हात जमिनीजवळ नेऊन आडवा धरला होता.

दुसऱ्या दिवशी गाड्या यायच्या होत्या. आलिंग सिद्रा माझ्या घरी आली आणि म्हणाली, "डबा काढ."

"उद्या नको," मी म्हणाले. "आलिंग, डोकं ठिकाणावर आहे ना? फादर तिथे कोंडलेत. त्यांच्याकडे पुरावा नाही म्हणून अजून जिवंत आहेत. तुमच्या टोपलीत एक गोळी सापडली तर त्यांना भिंतीशी उभं करतील."

"कळतंय मला."

"मग?"

"तासियोला आदल्या दिवशी गोळी मिळाली असती तर तो वाचला असता." एवढंच. सगळ्या आयुष्यात त्याबद्दल ती माझ्याशी बोलली ते एवढंच वाक्य. मग म्हणाली, "फादर असते तर काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, मी स्वतः जातो."

"बघ. नारळाचं झाड कुठलं. काढ डबा."

आम्ही सुमान बांधले.  माझ्या गाठी सैल होत होत्या म्हणून तिने मला पानं पुसायला बसवलं.

सकाळी चिंचेखाली बसलो. गाड्या आल्या. पुढे बगळा. आणि पहिल्या गाडीच्या बाजूला एक नवा हवालदार, चकचकीत बूट, कमरेला लांब सुरी. पाहुणा त्याच्या मागे, मान खाली घालून. रेडे चिखलात गेले. हवालदार सावलीत उभा राहिला आणि सगळीकडे बघू लागला. आमच्या टोपलीकडेही.

आलिंग सिद्राने पाहुण्याचा डबा उघडला. आता उघडला नसता तरच हवालदाराला संशय आला असता, कारण बाकीच्या शिपायांना ते रोजचं होतं. ती म्हणाली, नेहमीच्याच आवाजात, "या, जेवायला या."

पाहुणा तीन पावलांवर उभा होता. बंदूक खांद्यावरच. त्याने आमच्याकडे बघितलंही नाही. आमच्या बोलीत, तोडकं मोडकं पण शब्द न् शब्द बरोबर, तो म्हणाला, "होऊ द्या. आत्ताच जेवलो."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा! भूक त्याच्या तोंडावर दिसत होती. ती माणसंही तेव्हा अर्धपोटी होती.

आलिंग सिद्राने डबा बंद केला. अगदी सावकाश. गाठोडं परत टोपलीत ठेवलं, दोन गाठींच्या सुमानवर. त्यावर ओलं फडकं. बगळा हळूच जवळ यायला लागला तसं तिने त्याला हाताने माशी हाकलल्यासारखं हाकललं. "काय रांग मोडतोस! थांब तिथे!" मग वरचे एका गाठीचे सुमान बाकीच्या कैद्यांना देऊ लागली. बगळ्यालाही एका गाठीचेच दिले. त्याचा चेहरा पडला. बिचाऱ्याला वाटलं, या वेळी काहीच नाही.

तेवढ्यात हवालदार ओरडला. सगळ्या कैद्यांना ओळीत उभं केलं. ज्याच्या हातात सुमान होता त्याचा घेतला, सुरीने उभा चिरला, भात बोटाने चिवडला. एकेक करून सगळे. कैद्यांच्या सदऱ्यांत हात घातले, टोप्या उलट्या केल्या. बगळ्याचा सुमान तर पार काला करून टाकला. कशात काही नाही. नुसता भात. हवालदाराची बोटं नारळाच्या दुधाने चिकट झाली. तो वैतागला, हौदावर गेला आणि हात धुऊ लागला.

मी मनात रोझरी म्हणत होते आणि कुठल्या मण्यावर होते ते मला माहीत नव्हतं. आता टोपलीची पाळी, असं मला वाटत होतं. पण कैद्यांकडे काही सापडलं नाही म्हणजे बाईकडे काही नाही, असं त्याने धरलं असावं. तो परत आला, रेडे उठवायला सांगितलं आणि पुढे चालू लागला.

गाड्या वळल्या. आलिंग सिद्रा उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि मागून ओरडत निघाली, "अहो, माल नासवला माझा! पोरं उपाशी चालली! घ्या रे, हे उरलेले घ्या, मी काय घरी नेऊन पूजा करू?" गाडीमागे चालणाऱ्या पाहुण्याच्या अगदी बाजूने ती गेली. पाहुणा सरळ समोर बघत होता. बगळ्याच्या गाडीपाशी तिने टोपली पालथीच केली, रिकाम्या पोत्यांवर. तपासलेल्या माणसांना त्या दिवशी पुन्हा कुणी तपासलं नाही.

मी अजून चिंचेखालीच बसले होते. 

फादर डेक्लन आठवड्याने सुटले. पुरावा सापडला नाही, आणि आयरिश पट्टीचा शेवटी थोडाफार उपयोग झाला. एक डोळा बंद, बोटं सुजलेली. दारातच त्यांनी विचारलं, "पोचलं का?"

"आधी पाणी प्या," आलिंग सिद्रा म्हणाली. मग पेला त्यांच्या ओठांना लावताना म्हणाली, "पोचलं."

फादरांनी त्या सुजलेल्या हातांनी तिचे हात धरले. तिने लगेच सोडवून घेतले. "चूल जळतेय," म्हणाली. चूल जळत नव्हती, मी बघितली होती.

पाहुण्याने मुद्दाम सावध केलं का, यावर आमच्या गावात अजून वाद होतो. काही म्हणतात, हवालदारासमोर जेवायची त्याला भीती वाटली, बाकी काही नाही. काही म्हणतात, इतके महिने दोन गाठी आणि एक गाठ बघून त्याला सगळं कळलं होतं. आलिंग सिद्राला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "शिकला शेवटी. बोलावल्यावर काय म्हणायचं असतं ते शिकला." त्यानंतर महिन्याभरात त्याची बदली झाली, डोंगराकडे. तिकडे गेलेले फार थोडे परत आले. तो त्यांत होता की नाही, कुणास ठाऊक.

आलिंग सिद्रा गेली ती जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाला, अमेरिकन यायच्या थोडेच दिवस आधी. ताप आला होता. फादरांना वाटलं हिवतापच. त्यांनी तिच्या समोर बसून, तिने शिव्या दिल्या तरी, तिला कोयनेल गिळायला लावलं. "कैद्यांचं औषध वाया घालवताय," असं ती दिवसभर बडबडत होती. पण तो हिवताप नव्हता. गावातल्या डॉक्टरने तिचा हात हातात घेतला, दंड दाबून बघितला आणि फादरांना बाहेर नेलं. ही बाई किती दिवस जेवलेली नाही, असं त्याने विचारलं. फादर म्हणाले, "ती तर रोज माझ्या आधी जेवायची." 

छावणी सुटल्यावर बगळा आला होता. दुसऱ्या एका माणसाला धरून आला. ज्याच्यासाठी त्याने हात जमिनीजवळ आडवा धरला होता तोच हा मित्र असावा; आता तो चालत होता. फादर त्यांना तिच्या कबरीकडे घेऊन गेले. मी गेले नाही. माझा मोठा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता आणि ऊन फार होतं.

तिची शेवटची खेप नाताळानंतरची. तांदूळ नव्हताच, म्हणून रताळी उकडली होती. ज्यांत गोळी, त्यांना पानाच्या दोन गाठी. वाटेत दोनदा ती टोपली उतरवून बसली. मी म्हटलं, द्या माझ्याकडे. म्हणाली, "तू लचकत चालतेस, रताळी फुटतील." चिंचेखाली गाड्या आल्या. त्या दिवशीचा शिपाई पोरगेला होता, त्याला तिने रताळं दिलं आणि हात धुवायला हौदावर धाडलं. बगळा आला, नेहमीसारखं वाकला, नेहमीसारखं सदऱ्यात भरलं. त्याच्या सदऱ्याचा खिसा उसवला होता, तर त्यावरून त्याला बोलली, आणि कपड्याला टोचलेली सुई काढून उभ्या उभ्या दोन टाके घालून दिले. मग गाड्या गेल्या.

घरी आल्यावर तिने टोपली विहिरीवर घासून धुतली, उन्हात पालथी घातली, आणि फादरांच्या खिडकीकडे बघून ओरडली, "मेणबत्त्या संपत आल्यात. सिस्टरना कळवा!"